नापासांचा सत्कार कोण करणार?

दर वर्षी पावसाळा सुरू झाला की आपल्या समाजात गुणगौरव समारंभांचे दिवस येतात. सभागृहात खुर्च्या मांडल्या जातात, सरस्वतीच्या तसबिरीला हार पडतो, पाहुण्यांचे भाषण होते आणि दहावी-बारावीला ऐंशी-नव्वद टक्के मिळवणाऱ्या मुलामुलींना प्रशस्तिपत्र व पुष्पगुच्छ दिला जातो. टाळ्या वाजतात. आईवडिलांचे डोळे भरून येतात. हे सर्व योग्यच आहे आणि ते असेच चालू राहावे, असे आम्हाला वाटते.

पण मागच्या एका समारंभात आमचे लक्ष दुसरीकडेच गेले. चहाचे कप फिरवणारा आणि कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलणारा एक मुलगा होता. परका नव्हे, आपल्यातलाच. आजोबा मिलमध्ये होते, वडील एका दुकानात हिशेब लिहितात. हा मुलगा दहावीला गणित, इंग्रजी आणि विज्ञानात राहिला, पुन्हा बसला, पुन्हा राहिला आणि शाळा सुटली. आता एका मोबाइलच्या दुकानात काम करतो. आम्ही विचारले, “काय रे, पुढे काय ठरवलंस?” मान खाली घालून तो म्हणाला, “काका, आता वय गेलं.”

त्याचे वय सतरा वर्षांचे होते.

त्याचा निकाल लागला तेव्हा समाजातल्या एकानेही त्याच्या घरी जाऊन चौकशी केली नव्हती. इतरांना नावे ठेवत नाही. आम्हीही गेलो नव्हतो. नव्वद टक्केवाल्याच्या घरी पेढे खायला मात्र गेलो होतो. ही गोष्ट मनाला लागली, म्हणून हा लेख.

दोन दरवाजे होते, दोन्ही मिटले

आपण ग्वाल्हेरकर मराठी माणसे इथे काल आलेलो नाही. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास लष्कर वसवले, तेव्हापासून कोणी फौजेबरोबर, कोणी दप्तराबरोबर, कोणी देवघराबरोबर, कोणी गाण्याबरोबर इथे आले आणि इथलेच झाले. दरबार होता तोवर पोटापाण्याला प्रमाणपत्र लागत नव्हते. बाप ज्या कामावर, त्याच कामावर मुलगा लागे.

१९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि १९५६ मध्ये नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली. तरी महालेखाकार कार्यालय, राजस्व मंडळ आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ ग्वाल्हेरला राहिले. शिकलेल्या मुलांना तिथे कारकुनी मिळाली. कित्येक घरे एजी ऑफिसच्या पगारावर उभी राहिली, हे वाचकांना सांगायला नको. जे फार शिकले नाहीत त्यांच्यासाठी बिर्लानगर होते. १९२१ मध्ये जयाजीराव कॉटन मिल निघाली, १९४७ मध्ये ग्वालियर रेयॉन आली. आठवीतून शाळा सोडलेला मुलगाही काकाच्या ओळखीने बदली कामगार म्हणून लागे आणि चार-पाच वर्षांत कायम होऊन लग्नाला उभा राहत असे. नापास होणे तेव्हाही लाजिरवाणे होते, पण त्यामुळे कोणी उपाशी राहत नव्हते.

१९९० च्या दशकात जे. सी. मिल बंद पडली. कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा प्रश्न त्यापुढे तीन दशके रेंगाळला. सरकारी कचेऱ्यांतली भरतीही आटली. म्हणजे शिकलेल्यांचा एक दरवाजा होता आणि न शिकलेल्यांचा एक, ते दोन्ही एकाच पिढीत मिटले. आज कारखाने आहेत ते मालनपूर आणि बानमोरला. तिथल्या फाटकावर ओळख चालत नाही. आयटीआयचा कागद मागतात. फौजेची परंपरा सांगणाऱ्या घरांनीही ध्यानात घ्यावे, की २०२२ मध्ये आलेल्या अग्निवीर भरतीत जनरल ड्यूटीसाठी दहावीला ४५ टक्के गुण लागतात. पणजोबा रिसालदार होते हे अर्जात लिहिण्याची सोय नाही.

मग ही मुले करतात काय? मिठाईच्या दुकानात डबे भरतात, ई-रिक्शा चालवतात, अठरा पूर्ण झाली की मोटरसायकलवर घरोघर जेवणाचे डबे पोहोचवतात. कोणत्याही प्रामाणिक कामाला आम्ही कमी लेखत नाही. आमची तक्रार एवढीच आहे, की या कामात पहिल्या महिन्याला जे मिळते त्याहून फार जास्त पाचव्या वर्षीही मिळत नाही. हात शिकत नाही आणि वय मात्र निघून जाते. मुलींची गोष्ट तर आणखी वेगळी. आजी आजारी पडली, धाकट्या भावाच्या कोचिंगची फी भरायची आली की शाळा सुटते ती मुलीची, आणि तिला कोणी नापाससुद्धा म्हणत नाही. “घरी मदत करते” एवढे म्हणून विषय संपतो.

कायदा चौदाव्या वर्षी थांबतो

सरकार काही करत नाही असे नाही. शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवावे व मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी त्याला विशेष शिक्षण द्यावे, असे त्यात आहे. पण हा हक्क सहा ते चौदा वर्षांपर्यंतचा. आपली मुले गळतात ती नववी-दहावीला, म्हणजे नेमकी कायद्याने हात सोडल्यावर. पंधराव्या वर्षी शाळा सोडणाऱ्या मुलाच्या घरी चौकशीला येणे हे कोणाचेच काम नाही.

तरीही वाटा आहेत. आम्ही चौकशी केली तेव्हा त्या किती आहेत हे पाहून आम्हीच चकित झालो. राष्ट्रीय मुक्त विद्यालय १९८९ पासून चालू आहे. तिथे दहावीला बसायला चौदा वर्षे पूर्ण लागतात, वरची वयोमर्यादा नाही. पाच विषय घ्यायचे, नोंदणी पाच वर्षे टिकते आणि तेवढ्या काळात नऊ वेळा परीक्षा देता येते. एका वेळी एक विषय दिला तरी चालते. आधीच्या मान्यताप्राप्त मंडळात पास झालेल्या दोन विषयांपर्यंतचे गुण नियमांनुसार तिकडे वळवून घेता येतात. भाषा म्हणून मराठी घेता येते. म्हणजे तो एक विषय तरी घरी आजी शिकवू शकेल! आपल्या राज्याच्या मुक्त विद्यालयाने २०१६ मध्ये ‘रुक जाना नहीं’ योजना काढली, त्यात राहिलेल्या विषयांचीच पुन्हा परीक्षा देता येऊ लागली. २०२५ पासून मंडळानेही वर्षात दुसरी परीक्षा घेणे सुरू केले आहे.

आयटीआयमध्ये वेल्डर, वायरमन यांसारखे काही व्यवसाय आठवी पास मुलालाही घेता येतात. आठवीनंतर दोन वर्षांचे आयटीआय करून मुक्त विद्यालयाचा भाषेचा विषय दिला, तर दहावीची समकक्षता मिळते. एक सावधगिरी मात्र हवी. मुक्त विद्यालयात गणित सक्तीचे नाही, म्हणून मुले आनंदाने ते टाळतात. पण फिटर किंवा इलेक्ट्रिशियन व्हायचे असेल तर दहावीला गणित-विज्ञान लागते. पुढे काय करायचे हे आधी ठरवून मग विषय निवडावेत. हे मुलाला सांगणारे कोणीतरी वडीलधारे हवे.

आणखी एक धोका. शाळा सुटलेल्या मुलाला गाठून “घरबसल्या दहावी करून देतो, परीक्षेलाही बसायला नको” असे सांगणारे दलाल सगळीकडे फिरतात. नाव मोठे, शिक्का मोठा, मान्यता शून्य. आमच्या परिचयातल्या एका कुटुंबाने असे प्रमाणपत्र पैसे मोजून घेतले. नोकरीच्या वेळी कागदपत्रांची तपासणी झाली आणि मुलगा खोटा ठरला. चूक दलालाची, पण मान खाली गेली मुलाची. पैसे देण्यापूर्वी मंडळाची मान्यता तपासा, एवढी विनंती.

म्हणजे अडचण योजनांच्या तुटवड्याची नाही. त्या मुलाचे बोट धरून फॉर्म भरायला नेणारा, दोन वर्षे “अभ्यास कुठवर आला?” असे विचारणारा माणूस नाही, ही खरी अडचण आहे. नापास झालेल्या मुलाला सर्वांत आधी माणसेच सोडून जातात.

वारावर जेवून शिकलेली पिढी

आपल्या जुन्या पिढ्यांना हा प्रश्न ठाऊक होता आणि त्यांनी त्याचे उत्तरही काढले होते. वाचकांपैकी अनेकांनी आजोबांच्या तोंडून ऐकले असेल, की गरीब घरचा मुलगा शिकायला शहरात आला की सात घरी वार लावत असे. सोमवारी एका घरी जेवायचे, मंगळवारी दुसऱ्या. कोणत्याही एका घरावर भार पडत नसे. आणि नुसते जेवण मिळत नसे. सात घरांतल्या सात गृहिणी त्याला विचारत, “परीक्षा कधी रे?” एक वार चुकला तर चौकशी होई. पुढे हाच मुलगा वकील, मास्तर, अंमलदार होई.

या पद्धतीचे कौतुक करताना तिची मर्यादाही प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. वार लागत तो ठरावीक घरच्या, ठरावीक जातीच्या मुलांचा. बाकीच्यांना त्या ओसरीवर जागा नव्हती. ती भिंत पाडण्याचे काम दुसऱ्यांनी केले. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्याच्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवली. मुलांच्या शिध्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, मंगळसूत्रसुद्धा. कर्मवीरांनी फुकट खाऊ घातले नाही. मुले शेतात, बांधकामावर राबत आणि शिकत. कमवा आणि शिका, ही त्यांची योजना. गरीब मुलाला दया नको असते, संधी आणि काम हवे असते, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले.

जवळच्या काळातले उदाहरण डॉ. श्रीनाथ कालबाग यांचे. हिंदुस्थान लीव्हरमधले मोठे संशोधनाचे काम सोडून त्यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न टिकलेल्या मुलांना त्यांनी आधी पुस्तक दिले नाही. वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती, पशुपालन यांतले खरे काम दिले. गावातल्या गिऱ्हाइकाला काम करून द्यायचे आणि ते करताना मोजमाप, हिशेब, विज्ञान शिकायचे. वर्गात गणिताला घाबरणारा मुलगा लोखंडी कैचीचे माप घेताना भूमिती शिकतो, हे त्यांनी दाखवून दिले. तिथून बाहेर पडलेल्या अनेकांनी स्वतःचे छोटे व्यवसाय काढले. २००३ मध्ये डॉक्टर गेले, आश्रमाचे काम चालू आहे. ‘ढ’ मुलगा आणि ‘ढ’ शिकवण्याची पद्धत यांत फरक करायला हवा, हा पाबळचा धडा आहे.

आपण काय करावे

आमचा प्रस्ताव साधा आहे. वाराची जुनी पद्धत पुन्हा सुरू करावी, नव्या रूपात आणि जुनी भिंत वगळून.

शाळा सुटलेल्या एका मुलामागे सात घरे. एका घराने आठवड्यातून एक संध्याकाळ गणित घ्यावे, दुसऱ्याने इंग्रजी. तिसऱ्याने नोंदणीची व परीक्षेची फी भरावी. चौथ्याने घरातली एक शांत खोली दोन तास द्यावी, कारण एका खोलीच्या बिऱ्हाडात टीव्हीसमोर अभ्यास होत नाही. पाचव्याने फॉर्म, तारखा आणि कागदपत्रे सांभाळावीत. सहाव्याने मुलाच्या मालकाशी बोलून परीक्षेच्या दिवसांत त्याला सुटी मिळवून द्यावी. सातव्याने त्याच्या आईवडिलांकडे महिन्यातून एकदा चहाला जावे. हे शेवटचे काम सर्वांत सोपे वाटते, पण महत्त्वाचे तेच आहे.

एजी ऑफिसातून, बँकांतून, शाळा-महाविद्यालयांतून निवृत्त झालेली किती तरी मंडळी आज आपल्यात आहेत. दुपारी वर्तमानपत्र दुसऱ्यांदा वाचण्यापेक्षा त्यांनी हा एक वार घ्यावा. ज्यांचे कारखाने, दुकाने, वर्कशॉप आहेत त्यांच्यावर तर जास्त जबाबदारी आहे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांनी अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार विद्यावेतनावर घ्यावेत, असे बंधन आहे. आपल्यातले जे मालक किंवा मॅनेजर आहेत त्यांनी हा आकडा आपल्याकडे पूर्ण होतो का, हे पाहावे.

काही जण म्हणतील, “आपल्या समाजात अशी मुले आहेतच कुठे?” आहेत. जुन्या वाड्यांच्या मागच्या खोल्यांत आहेत. लाजेने समारंभाला येत नाहीत, म्हणून दिसत नाहीत. दुसरे विचारतील, “फक्त आपल्याच मुलांसाठी का?” मुळीच नाही. त्याच वाड्यात राहणाऱ्या भाडेकरूचा मुलगा, आपल्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंची मुलगी यांनाही तोच वार लागला पाहिजे. आडनाव पाहून वार लावायचा असेल, तर शाहू महाराजांचे नाव घेण्याचा आपल्याला अधिकार नाही.

मते मागायला येतील त्यांना

हे काम घरांचे आहे, पण केवळ घरांचे नाही. निवडणूक आली की सर्व पक्षांचे उमेदवार आपल्या गणपतीत आरतीला येतात, मराठीत दोन वाक्ये बोलतात आणि शिंदेशाहीचा गौरव करतात. या वेळी त्यांचे स्वागत करून तीन गोष्टी विचाराव्यात.

पहिली, नगर निगमाच्या आणि सरकारी शाळांच्या इमारती संध्याकाळी रिकाम्या असतात. लष्कर, हजिरा आणि मुरार इथे प्रत्येकी एका इमारतीत मुक्त विद्यालयाच्या मुलांसाठी सायंवर्ग सुरू कराल का? जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा चालवली. तेव्हा विजेचा दिवासुद्धा नव्हता.

दुसरी, प्रत्येक वॉर्डात चौदा ते एकवीस वयाची शाळा सुटलेली मुले-मुली किती, याची यादी पार्षद करतील का? मतदारांची घरोघर यादी होऊ शकते, तर या मुलांचीही होऊ शकते.

तिसरी, आयटीआय आणि मालनपूर-बानमोरच्या पाळ्यांच्या वेळा धरून शहरातून बस सोडाल का? अंधारात परतण्याची सोय नाही, एवढ्याच कारणावरून कित्येक मुलींचे शिक्षण आणि नोकरी घरात अडते.

उत्तर कोणत्या पक्षाचा माणूस देतो याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही. उत्तर लिहून घ्यावे आणि वर्षभराने तेच पुन्हा वाचून दाखवावे.

शेवटी त्या मुलाविषयी. समारंभानंतर आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली गुणपत्रिका काढली. तो हिंदीत आणि सामाजिक विज्ञानात चांगल्या गुणांनी पास होता, पण या गुणांचा काही उपयोग आहे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. आज त्याची मुक्त विद्यालयात नोंदणी झाली आहे. इंग्रजी सुटले. विज्ञान दुसऱ्या खेपेला सुटले. गणित एकदा पुन्हा राहिले आहे. त्याला इलेक्ट्रिशियन व्हायचे आहे, म्हणून गणित सोडायचे नाही असे त्यानेच ठरवले. त्याच्यामागे सध्या चार घरे आहेत. बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे तीन वार रिकामे आहेत.

ज्यांना घ्यायचे असतील त्यांनी समाजाच्या कार्यालयात नाव द्यावे. पुढच्या गुणगौरव समारंभात, नापास होऊन पुन्हा उभ्या राहिलेल्या मुलांसाठी पहिल्या रांगेत काही खुर्च्या राखून ठेवाव्यात, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे मांडत आहोत.

विचार व्हावा.